अकरा नंबरची खोली

गजेंद्रचा फोन आला तेव्हा मी तक्कूसाठी कैऱ्या किसत होते.

“बाई, आधी रागावू नका,” तो म्हणाला. सातवीत माझ्या वर्गात होता तेव्हापासून हा मुलगा बोलायला याच वाक्यानं सुरुवात करतो आणि पुढं जे सांगतो त्यानं मला हमखास राग येतो. आता तो चिखलीच्या आमच्याच शाळेत मुख्याध्यापक आहे. मला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी त्याची सवय काही सुटली नाही.

“बोल लवकर. हात खराब आहेत माझे.”

“जुन्या प्रयोगशाळेतलं कपाट आज निर्लेखनासाठी उघडलं. तो पहिला कॉम्प्युटर आठवतो का तुम्हाला, टीव्हीला जोडायचा? त्याची पेटी आहे कपाटात. पण पेटीत काहीच नाही.”

निर्लेखन म्हणजे मोडक्यातोडक्या वस्तूंची नावं डेडस्टॉक रजिस्टरातून रीतसर काढून टाकणं. खुर्च्या, नकाशे, घंटा, हाडांचा सांगाडा, शाळेतल्या सगळ्या वस्तू या रजिस्टरात असतात आणि दरवर्षी मार्चअखेर एका शिक्षकानं प्रत्येक वस्तू डोळ्यांनी पाहून खाली सही करायची असते.

“मग मला काय विचारतोस?”

“दोन हजार बारापासून वीसपर्यंत सही तुमची आहे, बाई. ‘प्रत्यक्ष पाहिले, वस्तू जागेवर आहे.’ नऊ वेळा.”

किसणी परातीत पडली. एकतीस वर्षं मी गणित शिकवलं. उत्तर बरोबर असलं तरी खाली पडताळा केलेला नसेल तर मी अर्धा गुण कापायची, आणि त्यावरून पोरं मला पाठीमागं काय काय म्हणायची तेही ठाऊक आहे. आणि मीच नऊ वर्षं रिकाम्या पेटीवर सही केली? माझा विश्वासच बसेना. मी गजेंद्रला तारखा पुन्हा वाचायला लावल्या. त्यानं वाचल्या. सगळ्या माझ्याच होत्या.

“किल्ल्या कोणाकडं असायच्या ते तुम्हाला माहीत आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “बुधवारी समिती बसते. तोवर वस्तू परत आली तर ठीक. नाहीतर मला चोरीची तक्रार द्यावी लागेल, आणि नाव कडूबाकाकांचंच घ्यावं लागेल.”

खरं सांगते, मला त्या क्षणी बरं वाटलं. स्वतःवर रागावणं मला कधी जमलं नाही. कडूबावर रागावायची मात्र सवय होती.

कडूबा उंद्रीचा. सहावी नापास. अठ्ठ्याऐंशी साली आमच्याकडं शिपाई म्हणून लागला आणि पुढं पस्तीस वर्षं शाळेची घंटा त्यानंच दिली. करगोट्याला किल्ल्यांचा जुडगा, त्यामुळं माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा. शाळेला खोल्या अकरा. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आली की या अकराही खोल्यांतले बाक एका बाकावर एक मुलगा बसेल अशा हिशेबानं लावायचं काम त्याचं. लोखंडी पायांचे जड बाक. ओढले की पाय तिरके रुतून शहाबादी फरशीवर चरे पडत, म्हणून तो ते फक्त ढकलायचा. एखादा बाक कोपऱ्यात गेला की गेला. मग पलीकडं जायला जागा नाही, ओढायची सोय नाही. तेव्हा सगळी खोली रिकामी करून तो पहिल्यापासून सुरू करायचा. बाक सरकल्याचा आवाज झाला की मी व्हरांड्यातून ओरडत यायची, कारण शेजारच्या खोलीत माझा जादा तास चाललेला असायचा. त्यानं उलट उत्तर एकदाही दिलं नाही.

तो कॉम्प्युटर कडूबा लागायच्या आदल्या वर्षी आला होता. कळफलक हाच कॉम्प्युटर. त्याची वायर टीव्हीला लावायची आणि त्यात लिहिलेले प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचे. एक सर त्याचं प्रशिक्षण घेऊन आले, दोन महिन्यांत त्यांची बदली झाली आणि यंत्र कपाटात गेलं. मुलांनी हात लावला तर बिघडेल, अशी सगळ्यांना भीती. तेव्हाचे मुख्याध्यापक नारायणराव कडूबाला म्हणाले, “दर शनिवारी तासभर चालू करत जा रे, नाहीतर पावसाळ्यात सडेल.” एवढं मला माहीत होतं. पुढं त्या यंत्राचं नाव मी रजिस्टराबाहेर कधी ऐकलं नाही.

हां, एक गोष्ट होती. कडूबा मला अधूनमधून इंग्रजी शब्द विचारायचा. मी वह्या तपासत असले की दारात उभा राहायचा. “बाई, ‘इफ’ म्हंजे काय हो?” मी वर न बघता सांगायची, “जर.” आठवड्यानं पुन्हा, “बाई, ‘देन’ म्हंजे?” “तर.” असे कितीतरी शब्द. मला वाटायचं, त्याची पोरगी काजल शिकतेय, तिच्या अभ्यासासाठी विचारत असेल.

शनिवारी सकाळी मी चिखलीहून जीपनं उंद्रीला गेले. दहाजणांच्या जागी पंधरा बसले होते, गुडघे दुखत होते, आणि मी मनातल्या मनात कडूबाला उलटतपासणीचे प्रश्न विचारत होते. उतरले तेव्हा माझा पारा भलताच चढलेला होता.

दारात त्याची बायको रुखमाबाई होती. मला पाहून तिला इतका आनंद झाला की मी जरा गोंधळले. “या ना बाई, या! ते बकरीसाठी पाला आणाले गेले, येतीलच आता. बसा, पंखा लावतो.”

मी बसले नाही. समोरच टेबलावर शाळेचा कॉम्प्युटर होता. लपवलेला नाही, झाकलेला नाही. बाजूला एक जुना छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, आणि दोन्ही चालू. चोरीची वस्तू कुणी घरात शिरल्याबरोबर दिसेल अशी मांडून ठेवतं का?

पडद्यावर वरून पाहिल्यासारखी एक खोली होती. भिंती, दार, चौकोन चौकोन. मधे बोटाच्या पेराएवढा एक माणूस.

“हा त्यायनं बनवलेला डाव होये,” रुखमाबाई म्हणाली आणि माझ्यापुढं सरसावून कळा दाबायला लागली. “हे पाहा, हे बाक. हे सारे रांगंत लावा लागते. ढकलता येते, वढता येत नाई. मी आतालोक सहा खोल्या पार केल्या!”

माणूस हलला. त्यानं एक बाक ढकलला, आणि टीव्हीतून खर्रर्र असा आवाज आला. तो आवाज मी ओळखला. लोखंडी पाय आणि शहाबादी फरशी. ज्याला मी ‘मूर्खा, हळू ढकल’ म्हणायची त्या माणसानं हे केलं होतं. जर आणि तर असं माझ्याच तोंडून एकेक शब्द नेऊन केलं होतं. मी टेबलाला हात टेकला.

एवढ्यात पडद्याच्या कडेनं दुसरी एक आकृती चालत आली. डोक्यावर अंबाडा, हातात लांब फूटपट्टी.

“हे कोण?” मी विचारलं. खरं तर कळलं होतं.

“ह्या तुमी!” रुखमाबाई खुदकन हसली. “बाक वाजला का बाई येतात. बाईनं पाह्यलं का डाव खल्लास! पण तुमच्या चकरा ठरेल हायेत म्हणे, मोजून घेतल्या का वाचता येते.”

अंबाडा दारातून आत आला. पडद्यावरचा छोटा माणूस भिंतीला चिकटला, पण फूटपट्टी त्याच्यापर्यंत पोचली आणि तो पुसला गेला. टीव्हीतून एक रडका सूर वाजला. रुखमाबाई आणखीच हसली.

माझं काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. एकतीस वर्षं माझ्यापुढं मान खाली घालून ‘हाव बाई’ म्हणणाऱ्या माणसाच्या मनात मी ही अशी होते? चकरा मोजून चुकवायची बला? आणि वर माझ्याच सहीच्या आड यंत्र घरी आणून हा खेळ? मी खाली वाकले, बोर्डातली वायर धरली आणि हिसडा देऊन पिन उपटली.

पडदा मिटला. मधोमध पांढरा ठिपका राहिला, मग तोही गेला.

रुखमाबाईचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. “बाई,” ती एवढंच म्हणाली. तिचा हात कळांवरच होता.

मागं पाला पडल्याचा आवाज झाला. कडूबा दारात उभा होता. केस सगळे पांढरे झाले होते, करगोट्याला आता किल्ल्या नव्हत्या. त्यानं आधी मला पाहिलं. “बाई! कवा आल्या? पाणी देलं का वं बाईले?” मग टीव्हीकडं पाहिलं. मग माझ्या हातातल्या वायरीकडं.

तो आत आला, पिन माझ्या हातातून अलगद घेतली, वायर नीट गुंडाळली.

“लाईन गेल्ती का?” त्यानं बायकोला विचारलं. त्याला दिसत होतं की पिन मी काढली. तरी विचारलं.

“नाई,” ती म्हणाली. “इन्व्हर्टर चालू हाये.”

मग दोघांच्या तुटक बोलण्यातून मला कळलं. हे यंत्र बंद केलं की त्यातलं सगळं पुसलं जातं. जपून ठेवायचं तर कॅसेटवर उतरवावं लागतं. कडूबाच्या दहा खोल्या कॅसेटवर होत्या. पण नऊ दिवसांपूर्वी त्याच्या टेपरेकॉर्डरचा आतला रबरी पट्टा तुटला. चिखलीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या शकीलनं कुठून तरी जुना पट्टा मिळवून मंगळवारी देतो म्हटलं होतं. तोवर कॉम्प्युटर बंद करायचा नाही, म्हणून नऊ दिवस तो इन्व्हर्टरवर जागता ठेवला होता. आणि त्या नऊ दिवसांत कडूबानं अकरावी, शेवटची खोली केली होती. ती कुठंच उतरवलेली नव्हती. फक्त त्या यंत्रात होती.

“कागदावर असेल ना लिहिलेली?” मी विचारलं.

“पहिल्या दहा हायेत. हे नाई. हे तशीच बसल्या बसल्या झाली.” तो खाली बसला. “जाऊ द्या बाई. तुमाले काय मालूम.”

त्यानं ओरडायला हवं होतं. मी त्याच्या जागी असते तर सगळी गल्ली गोळा झाली असती.

मी शाळेतली हकीकत सांगितली. कपाट, रिकामी पेटी, बुधवारची समिती, चोरीची तक्रार. चोरी हा शब्द ऐकल्यावर मात्र त्यानं मान वर केली.

“चोरी? कोनाची चोरी, बाई? अकरा साली जुन्या प्रयोगशाळेची लाईन तोडली. नवी बिल्डिंग झाली, तारा काढून टाकल्या. मंग याले चालू कुठं करू? नारायणराव साहेबाचा हुकूम होता दर शनवारचा. थो हुकूम कोनं मांगं घेतलाच नाई. म्हनून घरी आणलं.”

“कुणाला विचारून?”

तो माझ्याकडं बघतच राहिला. “तुमाले सांगतलं ना, बाई.”

“मला?”

“बारा सालच्या मार्चात. तुमी रजिस्टर घेऊन आल्या. मले रातभर झोप नवती. म्हणलं, बाईपासून लपवाचं नाई. म्या कपाट उघडलं, पेटीचं झाकण काढलं, पेटी तुमच्यासमोर धरली. रिकामी. म्हणलं, ‘बाई, पाहून घ्या.’ तुमी पाह्यलं, म्हणल्या ‘हं, पुढचं’, आन सही केली.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “घरी येऊन हिले सांगतलं, बाईनं पोटात घातलं म्हणलं. दरसाली म्या झाकण काढलं, दरसाली तुमी पाह्यलं. रिटायर झालो तवा नव्या शिपायाले म्हणलं, पेटी पाहून घे बाप्पा. थो म्हने, राहू द्या काका. पण तुमी तं पाह्यलं होतं.”

मी पाहिलं नव्हतं.

मला ती पेटी आठवत नाही. ते झाकण आठवत नाही. त्या दिवसांत मी एका हातात रजिस्टर, दुसऱ्या हातात पेन धरून रांगेनं खुणा करत जायची, कारण मला तीनच्या गाडीनं बुलढाण्याला उत्तरपत्रिका पोचवायच्या असत. तो माझ्या नाकासमोर रिकामी पेटी धरून उभा राहिला असेल, आणि मी त्याच्या खांद्यावरून पुढच्या वस्तूवरचा अनुक्रमांक वाचत असेन. नऊ वर्षं.

मी बोलायला तोंड उघडलं. “कडूबा, मी...” तो अशा काही नजरेनं बघत होता, की खरं सांगणं म्हणजे दुसऱ्यांदा पिन उपटणं झालं असतं.

“नेऊ बुधवारी परत,” तो उठत म्हणाला. “शाळेचीच वस्तू होये.” आणि जीप थांबवायला बाहेर गेला.

मी चपला घालत होते तेव्हा रुखमाबाई जवळ आली. आता तिचा आवाज कठोर होता, आणि तो तिनं का लपवावा?

“बाई, तुमाले राग आला ते मले समजलं. दहा खोल्यायत तुमी अंगावर येता. पण अकरावी खोली प्रयोगशाळेची होती. थ्या खोलीत बाक कसेबी लावले तं दार उघडतच नवतं. मानूस अडकते. मंग बाई येतात. मानसाले वाटते, आता खल्लास. बाई पाह्यतात,” तिनं पदरानं डोळे पुसले, “आन दार उघडून देतात. थे काल सांजच्याले झाली. मले म्हणे, कॅसेटीत उतरली का बाईले बलावून दाखवू.”

जीपमध्ये मी ड्रायव्हरशेजारी बसले. चिखलीपर्यंत तो काहीतरी बोलत होता. मी हं हं म्हणत होते. चिखली आली तेव्हा मला माझ्या त्या ‘हं’ची शिसारी आली.

बुधवारी जुन्या प्रयोगशाळेत समिती बसली. गजेंद्र, क्लार्क, आणि कॉम्प्युटर शिकवणाऱ्या नव्या प्रतीक्षा मॅडम. कडूबा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. एका पिशवीत कॉम्प्युटर, एका पिशवीत टीव्ही, बगलेत शकीलनं दुरुस्त केलेला टेपरेकॉर्डर. त्यानं सगळं टेबलावर मांडलं आणि घंटेजवळ उभा राहायचा तसा भिंतीशी जाऊन उभा राहिला.

“कडूबाकाका, ही वस्तू शाळेबाहेर कशी गेली?” गजेंद्रनं विचारलं. क्लार्कनं पेन उघडलं.

“माझ्या परवानगीनं गेली,” मी म्हणाले.

गजेंद्रनं चमकून माझ्याकडं पाहिलं. “बाई, पण रजिस्टरात तर तुम्ही...”

“पेटी रिकामी आहे हे मी पाहिलं होतं. नऊही वेळा. वस्तू चालू राहावी म्हणून त्याला घरी ठेवू दिली आणि नोंद करायची राहिली. चूक माझी. लिही तसं.”

आयुष्यात इतकं सरळ खोटं मी कधी बोलले नव्हते. क्लार्कनं ते लिहून घेतलं. मी खाली सही केली, या खेपेला प्रत्येक शब्द वाचून. कडूबाला त्यात नवल वाटलं नाही. त्याच्या दृष्टीनं ते खरंच होतं.

“चालू आहे का पण?” क्लार्कनं विचारलं. “चालू वस्तू निर्लेखनात बसत नाही.”

नव्या इमारतीतून वायर ओढून आणली. कडूबानं कॅसेट घातली. चारपाच मिनिटं कर्कश किरकिर झाली आणि पडद्यावर पहिली खोली उमटली. प्रतीक्षा मॅडम खुर्ची ओढून पुढं बसल्या. बाक वाजला. अंबाडा आणि फूटपट्टी आत आली, आणि तिघंही पोट धरून हसले. क्लार्कनं तर टेबलावर हात आपटला. गजेंद्र माझ्याकडं बघून “बाई, रागावू नका” म्हणाला आणि पुन्हा हसायला लागला. मी रागावले नाही. मला हे हसू मिळायलाच हवं होतं.

दहा खोल्या झाल्या तेव्हा मधली सुट्टी संपून गेली होती. दहाव्या खोलीतले सगळे बाक रांगेत लागले, दार उघडलं, आणि पडदा काळा झाला.

“वस्तू चालू आहे, राहू द्या रजिस्टरात,” गजेंद्र म्हणाला. “आणि काका, दर शनिवारी येऊन तासभर चालू करत जा.”

“हाव साहेब,” कडूबा म्हणाला. हुकूम त्याला पुन्हा मिळाला होता.

प्रतीक्षा मॅडमचं समाधान झालं नव्हतं. त्या पडद्याकडं बघत होत्या. “पण काका, शाळेला खोल्या अकरा. मग शेवटची कुठं आहे?”

आता तो सांगेल, आणि सांगायलाच हवं. मीसुद्धा सगळं सांगून मोकळी होईन, असं मी ठरवलं.

कडूबानं कॅसेट बाहेर काढली, डबीत घातली आणि डबी शर्टाच्या खिशात ठेवली.

“थे अजून झालीच नाई, मॅडम,” तो म्हणाला. माझ्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.